सवतीच्या नावाचे डाग

भूतबाधा, बाहेरचं, अंगात येणं... असलं काही कानावर आलं की मी सरळ उठून जाते. तरीही हे लिहितेय, कारण एका गोष्टीचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

लोणार तालुक्यातलं सुलतानपूर हे आमचं गाव. भाजीपाल्याचं शेत. मी यांची दुसरी बायको. पहिली, अनसूया, तापानं गेली तेव्हा तिची गौरी आठ महिन्यांची होती. आज माझ्या हाताखाली नऊ वर्षांची झालीय. आमच्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा असतो. वांगी तोडताना तो सारखा काट्यांत अडकायचा, म्हणून मी काढून देव्हाऱ्यात ठेवला. काय चुकलं माझं?

मागच्या हिवाळ्यात माझ्या दंडांवर, मांड्यांवर काळेनिळे डाग उठू लागले. कुठे आपटल्याचं आठवेना. सासूबाईंचं निदान तयारच होतं. "टाक काढला ना तू? आता ते अनसूया धरून राह्यली तुले." दुसरबीडला दिलेली माझी नणंद तर आणखी पुढे. "आज तुले धरलं, उद्या पोरीले धरीन. मी नेतो गौरीले."

पण देवऋष्याकडे जाईन तर शपथ! मेहकरला डॉक्टर गाठले. त्यांनी पहिलं विचारलं, "गोळ्या कोणत्या घेता?" घेत होते की... भाजीच्या पाट्या उचलून कंबर धरायची, म्हणून मेडिकलमधून सुट्या आणून रोज दोन-तीन, कित्येक महिने. "ह्या गोळ्यांनी रक्त लवकर गोठत नाही बाई. पाटी जरा जोरात टेकली तरी कातडीखाली रक्त साकळतं." रक्त तपासलं, गोळ्या बंद केल्या, आणि महिन्याभरात अंग स्वच्छ. अनसूया बिचारी फुकट बदनाम!

मी हे घरात ठणकावून सांगितलं. तरी नणंद आलीच, भर दुपारी, ऑटो घेऊन. गौरीचं मनगट धरून ओढायला लागली. मी दारात आडवी उभी राहिले.

"काऊन नेता ताई? माही पोरगी आहे ते."

"तू जन्म देल्ला का तिले?"

आणि तिनं पुन्हा हिसका दिला... तोच किंचाळून हात सोडला. "मले कोनं धरलं वं?"

मी दारात, सासूबाई खाटेवर, हे शेतात. तिच्याजवळ गौरीशिवाय कोणी नव्हतं, आणि गौरीचा एक हात तोवर तिच्याच मुठीत होता, दुसरा तोंडावर. चहा होईस्तोवर ताईंच्या दंडावर चार निळे डाग उमटले होते — एका ओळीत, बोटांसारखे. पाचवा आतल्या बाजूला. आणि ही बाई तापातसुद्धा काढाच पिते, गोळीला हात लावत नाही. आल्या ऑटोनं ती एकटीच परत गेली.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "कुठं तरी आपटलं असेल." माझ्या डागांचं कारण त्यांनी नीट सांगितलं होतं, ह्याचं नाही. मलाही सांगता येत नाही. अनसूया होती असं मी म्हणत नाही, आणि नव्हती असंही आता छाती ठोकून म्हणवत नाही.

पण गौरीला न्यायला यापुढे कोणी आलंच, तर नीट ऐकून यावं — गाठ आम्हा दोघी आयांशी आहे.