फहाहीलमधून गेलेला नकार

कुवेतमधल्या फहाहीलच्या बाजारामागे, समुद्राच्या अंगाला, दाभोळ खाडीकाठच्या एका गावातल्या माणसांनी मिळून घेतलेली एक लांबट खोली होती. तिथं राहणाऱ्या प्रत्येकाला मलेशियाचं राजकारण तोंडपाठ होतं. कुणाला हौस होती म्हणून नव्हे. बदरुद्दीन परकार अहमदीच्या तेलकंपनीच्या मेसमधून परत आला, हातपाय धुऊन चटईवर बसला आणि त्यानं रेडिओचा कान पिळला, की कुणाची सुटका नसायची.

तरुणपणी बदरुद्दीन जहाजावर भंडारी होता, म्हणजे खलाशांचं जेवण रांधायचा. महायुद्ध संपता संपता तो सिंगापूरच्या बंदरात उतरला आणि तिथंच रमला. झुलेखा नावाच्या तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं, त्यांना असमा झाली. पुढं बंदरातलं काम आटलं, तेव्हा हारून नावाच्या गाववाल्यानं त्याला कुवेतला बोलावून घेतलं आणि तेलकंपनीच्या मेसमध्ये चिकटवलं. पण येण्याआधी बदरुद्दीननं एक गोष्ट केली होती. हात वर करून शपथ घेतली होती आणि तो सिंगापूरचा नागरिक झाला होता. मलाया, सिंगापूर आणि बोर्निओतले दोन मुलूख मिळून त्रेसष्ट साली मलेशिया झाला, तेव्हा त्यानं खोलीभर शिरा वाटला. बाकीचे नुसते जन्मले म्हणून कुठल्यातरी देशाचे होते, आपण मात्र देश निवडून घेतलाय, याचा त्याला भारी ताठा होता.

आणि मत तर काय, त्याचं एकच होतं. लहान देशाला स्वतःचं असं दुखणं नसतं, सगळी दुखणी बाहेरून येतात. इंग्रजानं जाता जाता नकाशावर रेघा मारल्या त्या स्वतःच्या सोयीच्या. शेजारचा इंडोनेशिया मलेशियाला चिरडायला निघालाय तो दुसऱ्या कुणाच्या जोरावर. चिनी आणि मलाय एकमेकांकडे डोळे वटारून बघतात, त्यालाही कुणीतरी बाहेरून फूस लावतं. खोलीतल्यांना हे पटायचं नाही असं नाही. एकसष्ट साली इराकनं कुवेतवर हक्क सांगितला आणि भर जुलैच्या आगीत इंग्रजी पलटणी इथं उतरल्या, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जो वाचवायला येतो तो आधी घरातल्या खोल्या मोजतो, असं बदरुद्दीन तेव्हा म्हणाला होता, आणि त्या एका वाक्यावर त्यानं पुढं कितीतरी वर्षं भाव खाल्ला. हारून एकदा वैतागून म्हणाला होता की मलेशियात कुणाच्या पोटात दुखलं तरी चाचा त्यात परक्यांचा हात काढतील. बदरुद्दीन हसला नाही. थट्टा त्याला कळायची नाही, हा त्याचा खरा दोष होता.

माणूस मतं बाळगतो तोवर ठीक असतं. पण बदरुद्दीनच्या मतानं एक दिवस त्याच्या घराचा उंबरा ओलांडला.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात मुनव्वर आला. मुनव्वर गावचाच, एका टँकरवर खलाशी. त्याचं जहाज अहमदीच्या धक्क्यावर तेल भरायचं आणि पूर्वेकडं जायचं, वाटेत सिंगापूर ठरलेलं. बदरुद्दीनला लिहिण्यावाचण्याचा कंटाळा. घरी जे काही पाठवायचं, कळवायचं, ते सगळं मुनव्वरच्या हातून आणि मुनव्वरच्या तोंडून. या वेळी मुनव्वरनं निरोप आणला की असमाला स्थळ आलंय. मुलाचं नाव महबूब. मोटार चालवतो, पाच वेळच्या नमाजाचा आहे, निर्व्यसनी आहे. असमाला पसंत आहे, झुलेखालाही पसंत आहे. फक्त बापाची संमती हवी.

ही संमती म्हणजे उपचार नव्हता. कोकणातले मुसलमान शाफई, आणि तिकडचे मलायही शाफईच. या पंथात मुलगी कितीही शहाणीसुरती असली तरी तिचा निकाह तिचा वली, म्हणजे पालक, लावून देतो, आणि बाप हयात असताना वली बापच. बाप लांब असला तर तो साक्षीदारांसमोर काझींना आपला वकील नेमतो, मग काझी त्याच्या वतीनं निकाह लावतात. बदरुद्दीननं नुसतं हो म्हणायचं होतं. खोलीत साक्षीला माणसांची वाण नव्हती.

बदरुद्दीननं विचारलं, मुलाचे लोक कुठले? मुनव्वरनं भोळेपणानं सांगितलं की आजोबा बावेआन बेटावरून आलेले, घोडे राखायचे, बाप आणि हा स्वतः सिंगापुरातच जन्मलेले.

बावेआन म्हणजे जावाच्या उत्तरेचं एक ठिपक्याएवढं बेट. पण ते इंडोनेशियाचं. बदरुद्दीनच्या नाकाचा शेंडा लाल झाला. ज्यांनी आमच्या बोर्निओच्या जंगलात माणसं घुसवली, त्यांचं पोर मी माझ्या घरात घेऊ? हारूननं समजावलं की पोरगं ड्रायव्हर आहे, कुणाचा सेनापती नव्हे. आजोबानं घोड्यांना चारा घातला, त्यात कसला आलाय परक्याचा हात? चार जणांनी चार परीनं सांगितलं. बदरुद्दीन हटूनच बसला. घुसणारे असेच घुसतात म्हणाला, नात्यानं.

मला त्या माणसाचा इथं राग येतो. त्यानं लेक पाहिली होती ती बासष्ट साली, सुट्टीवर गेला होता तेव्हा. ती कशाला हसते, कशाला घाबरते, हे त्याला ठाऊक नव्हतं. इंडोनेशियाचं मंत्रिमंडळ मात्र ठाऊक होतं.

नकार घेऊन मुनव्वर गेला. पुढच्या फेरीला झुलेखाची विनवणी घेऊन आला. काझींकडं जाऊन आले, असं तिनं सांगितलं होतं. बाप हयात आहे आणि त्याचा नकार साऱ्या मोहल्ल्याला माहीत आहे, अशा वेळी मी परस्पर निकाह लावणार नाही, असं काझी म्हणाले. पोरगी जेवत नाही. मुलाकडचे किती थांबणार? नेमकं त्याच सुमाराला, पासष्टच्या मार्चमध्ये, सिंगापुरात बँकेच्या इमारतीत बाँब फुटला. इंडोनेशियातून आलेल्यांनी ठेवलेला. माणसं मेली. बदरुद्दीनला जणू अल्लानंच शिक्का मारून दिला. त्यानं मुनव्वरला समोर बसवलं आणि म्हणाला, "झुलेखाला सांग, माझ्या जिवात जीव हाय तवर हा निकाह व्हायचा नाय."

मुनव्वर चहा अर्धा ठेवून उठला आणि धक्क्यावर गेला. त्यानंतर त्याचं जहाज बराच काळ अहमदीला लागलं नाही, जपानच्या बाजूला पाठवलंय असं कुणीतरी सांगितलं. बदरुद्दीनला त्याचं काही वाटलं नाही. आपण ठाम राहिलो याचं समाधान त्याला पुरत होतं.

मग ऑगस्ट आला. अंगाला हवा चिकटून राहावी असे ते दिवस. संध्याकाळी रेडिओवर बातमी लागली की सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं. बदरुद्दीन कान देऊन थांबला. आता पुढं नाव येईल, कुणी केलं ते येईल. इंडोनेशियाचं येईल, नाहीतर इंग्रजाचं. नाव आलंच नाही. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचं आपसात पटलं नाही, त्यांनी बसून ठरवलं आणि वेगळे झाले. बाहेरच्या कुणी बोटही लावलं नव्हतं. सिंगापूरचा पुढारी सांगता सांगता रडला म्हणे.

बदरुद्दीननं रेडिओ बंद केला. खोलीत सगळे त्याच्याकडं बघत होते. आज चाचा काय बोलतात, याची थोडी गंमतही होती त्यांच्या डोळ्यांत. चाचा जेवणाच्या थाळ्यापाशी जाऊन बसले. ज्या देशाचा नागरिक म्हणून छाती काढून वावरलो, तो देश माझ्या बायकोपोरीच्या घरावरून निघून गेला, आणि मला दोष द्यायला परका माणूस सापडत नाही. हे त्याला जेवता जेवता उमगलं. थाळ्यात इतरांचे हात चालू होते. त्यानं आपला हात काढून घेतला.

नंतरचे दिवस तो मेसमध्ये नुसता राबला. मिठाचा अंदाज चुकायला लागला, साहेब बोलले, तेही त्यानं ऐकून घेतलं. शेवटी हारूननं त्याला एकट्याला गाठलं आणि विचारलं की आत कशानं कुरतडतंय? तेव्हा बदरुद्दीननं सांगितलं की घर कुणी मोडलं ते मला कळलंय. बाहेरून कुणी आलंच नव्हतं. पोरीच्या सुखाच्या आड मीच जाऊन बसलोय.

त्या शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर त्यानं आंघोळीनंतरचे धुतलेले कपडे अंगावर तसेच ठेवले आणि खोलीतल्या सगळ्यांना बसवलं. आपलं नाव, बापाचं नाव, लेकीचं नाव घेतलं. असमाचा निकाह महबूबशी लावायला माझी खुशी आहे, आणि मी सिंगापूरच्या काझींना माझा वकील नेमतो, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. हारून आणि दुसरा एक गाववाला साक्षीदार झाले. हारून म्हणाला, तार करू या. बदरुद्दीननं नकारार्थी मान हलवली. नकार माणसाच्या तोंडून पाठवला, तर होकारही माणसाच्याच तोंडून जाऊ दे. मुनव्वर येईलच. हा त्याचा शेवटचा हट्ट, आणि या वेळी कुणाला तो वाईट वाटला नाही. संध्याकाळी त्यानं स्वतः गोड भात केला आणि शेजारच्या बकालावाल्याला, म्हणजे किराणा दुकानदारालाही नेऊन दिला.

मुनव्वर आला तो ऑक्टोबरमध्ये. उकाडा जरा उतरला होता, खोलीचं दार उघडं होतं, दुपारची वेळ. बदरुद्दीन एकटाच होता. त्यानं उठून मुनव्वरला मिठी मारली आणि त्याला बसूही न देता सगळं सांगून टाकलं. होकार दिलाय, साक्षीदार आहेत, तू पुढच्या फेरीला जा आणि काझींना सांग.

मुनव्वर खाली बसला. 

"चाचा," तो म्हणाला, "निकाह जूनमध्येच झालाय."

बदरुद्दीनला आधी बरं वाटलं. मग कळेना. बापाच्या शब्दाशिवाय काझी तयार कसे झाले? मुनव्वरनं सांगितलं. मार्चचा नकार घेऊन तो सिंगापूरला पोचला, तेव्हा असमा अंथरुणाला खिळली होती. झुलेखानं त्याला बाजूला घेतलं. ती म्हणाली, ते म्हणाले ना, जिवात जीव आहे तोवर नाही? मग नसू दे जीव. बदरुद्दीनला भाऊ नव्हता, सख्खा चुलता नव्हता. बाप गेला तर वली काझीच. झुलेखानं मुनव्वरचे पाय धरले, आणि मुनव्वरनं काझींसमोर साक्ष दिली की बदरुद्दीन परकार कुवेतच्या उन्हानं गेला, फहाहीलजवळ दफन झाला, मातीला मी होतो.

"तिथं तुमची फातेहा झाली, चाचा. मी सोता जेवून आलोय." मेलेल्या माणसासाठी पढायची दुवा आणि नंतरचं जेवण, तेही उरकलं होतं.

बाहेर पाण्याची गाडी येऊन उभी राहिली, माणसं डबे घेऊन धावली. बदरुद्दीन भिंतीला टेकून बसला होता. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यानं एवढंच विचारलं की असमाला खरं ठाऊक आहे का? मुनव्वरनं मान हलवली. नाही. फक्त मला आणि चाचीला. असमा फार रडली. काझींनी तिला विचारलं होतं की बापाचा नकार होता म्हणतात? तेव्हा ती म्हणाली होती की बाबा जगले असते तर शेवटी हो म्हणाले असते.

बदरुद्दीननं तोंडावर हात घेतला. बोटांमधून पाणी गळायला लागलं, आणि मुनव्वरला ते बघवेना.

मग मुनव्वरनं राहिलेलं सांगितलं. असमाला दिवस गेलेत. बदरुद्दीन मेसमध्ये रांधणारा असला तरी शाफई घरात वाढलेला होता, त्याला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. बाप जिवंत असल्याचं कळलं तर वली असताना काझींनी लावलेला निकाह टिकायचा नाही. पोटातल्या पोरावर बोट उठेल. झुलेखा आणि मुनव्वर खोट्या साक्षीत सापडतील. त्याचा होकार, मोठ्यानं म्हटलेला, साक्षीदारांसकट, आता कुणाच्याही उपयोगाचा नव्हता. लेकीचं घर उभं ठेवायचं तर त्यानं मेलेलंच राहायला हवं होतं. सिंगापूरला कधी जायचं नाही. नातवंडाचं तोंड बघायचं नाही. मलेशिया राहो की मोडो, तिथल्या मातीवर पाय ठेवायचा नाही. त्यानं मुनव्वरला एवढंच सांगितलं की हारूनला आणि खोलीतल्या सगळ्यांना मी गप्प करतो, तू कुणापुढं बोलू नकोस.

मुनव्वर उठला, पण दाराशी घुटमळला. काहीतरी राहिलंय हे बदरुद्दीनला दिसलं. त्यानं विचारलं तेव्हा मुनव्वर चाचरत म्हणाला की असमानं एक काम सांगितलंय. निघताना हात धरून सांगितलंय की बाबांच्या कबरीवर जा आणि माझ्या वतीनं फातेहा पढून ये. परत गेलो की ती पहिलं हेच विचारील. मी तिला आणखी किती खोटं सांगू?

बदरुद्दीननं खांद्यावरचं फडकं डोक्यावर घेतलं, चटई नीट केली आणि भिंतीपासून सरकून मधोमध बसला.

"खोटं नको सांगू," तो म्हणाला. "इथंच पढ."

मुनव्वरला आधी हात उचलवेनात. मग तो त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला, हात पसरले आणि असमाचं नाव घेऊन त्यानं पढायला सुरुवात केली. बदरुद्दीन डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिला.