शिडीनं मोजलेली गल्ली

घाबरण्याच्या बाबतीत अख्ख्या काशीत माझा पहिला नंबर लागेल. मागच्या हिवाळ्यात तर मी इतका घाबरलो होतो की दशाश्वमेधावर संकल्प सांगताना यजमानाचं गोत्र विसरून माझंच सांगितलं, आणि नागपूरच्या त्या भल्या माणसानं ते मुकाट्यानं म्हटलंही. जेसीबीचा आवाज आला की झालं. तो कुठं नाला उपसायला निघालेला असो की खडी उचलायला, माझी छाती अशी धडधडायची की गंगेपलीकडे रामनगरात लोक विचारत असतील, कुणाच्या लग्नाचा ताशा म्हणून.

या भीतीचं मूळ एका लांबट जमिनीत होतं, आणि जमिनीपेक्षाही जास्त माझ्या जिभेत.

वडील संस्कृत पाठशाळेत शिकवायचे. सारनाथच्या अलीकडे नुसतं शेत होतं तेव्हा त्यांनी तिथं एक तुकडा घेऊन ठेवला होता. चाळीस फूट रुंद आणि लांबीला भरपूर. समोरून कच्चा रस्ता, मागं अरहरीचं, म्हणजे तुरीचं, रान. ते गेल्यावर आम्ही तिघं उरलो. दादा थोरला, मग आक्का, मग मी. आम्ही सगळे मंगला गौरीजवळच्या जुन्या घरात. दादा तळाशी, मी मधे, आणि आक्का सगळ्यात वर एका खोलीत. आक्कानं लग्न केलं नाही, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. तिच्या खोलीचा जिना इतका उभा की त्यावरून माकडंसुद्धा कठड्याला धरून उतरतात. निवृत्त झाली तेव्हा तिचे गुडघे गेले होते. ती म्हणाली, "मला जमिनीवर राहायचंय रे. दार उघडलं की पाय मातीत. माझा हिस्सा द्या, मी एक खोली बांधते."

म्हणून वाटणी. आमच्या घराची रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरला आपोआप सारखे वाटे करतो. दादानं केलेही इतके सारखे की सोनारानं लाजावं. पुढचा मी घेतला. आक्का म्हणाली मला मागचा द्या, तिथं पोपट येतात. मधला दादाला राहिला. प्रश्न उरला रस्त्याचा. आक्कानं मागं जायचं कुठून?

आता पाहा, गल्लीत जन्मलेल्या माणसाला रस्ता किती रुंद असावा हे कागदाला विचारून कळत नाही. आमच्याकडे त्याचं एकच माप. चौघांच्या खांद्यावर तिरडी निघाली पाहिजे, आणि समोरून सांड आला तर दोघांचंही अडता कामा नये. दादानं गवंड्याची बांबूची शिडी मागवली. पुढं दादा आणि मी, मागं दोन गवंडी, शिडी खांद्यावर, आणि आम्ही वाटेनं चालायला लागलो.

"सांड कोण होणार?" दादानं विचारलं.

"मीच होते," आक्का म्हणाली. "या घरात दुसरं कोण आहे तसं?" आणि छत्री शिंगासारखी पुढं धरून ती समोरून लंगडत आली.

कुणी कुणाला घासलं नाही. तिथं खुंट्या ठोकल्या. सात फूट भरले. आम्हाला वाटलं आपण राजमार्गच काढला. आमच्या गल्लीच्या दीडपट! दादा तर म्हणाला, "एवढ्यात लोक दुकानं थाटतील." मग तिन्ही वाट्यांमधे कमरेइतक्या विटांच्या भिंती उठल्या, त्यांना चुना लागला. लांबून ते सगळं कसं नीट चौकोनी दिसायचं.

गवंडी जायच्या आधी दादाला शंका आली. "हल्ली नक्शा पास करावा लागतो म्हणे. जमीन तोडायची तर परवानगी. तू हिंडतोस गावभर, कचेरीत जाऊन विचारून ये."

मी गेलो. खरंच गेलो. पण कचेरीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तर आत रांग, रांगेत माणसं, माणसांच्या हातात फायली, आणि समोरच्या ठेल्यावर कढईतून निघणारी कचौडी. मी कचौडी खाल्ली, जिलेबी खाल्ली, आणि घरी येऊन सांगितलं की विचारलं. नुसतं विचारलं म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी रोज यात्रेकरूंना घाटाची एकेक पायरी कुणी बांधली ते सांगणारा माणूस, आणि कुणी बांधली ते ठाऊक नसेल तर तेही सांगणारा. मी म्हणालो, "साहेब खुर्चीवरून उठले, पाया पडले. म्हणाले, गुरुजी, घरातल्या घरात वाटणी, त्याला कसली परवानगी? हवं ते बांधा."

आक्कानं बांधलं. एक खोली, एक मोरी, ओट्याचं स्वयंपाकघर, दारात चबुतरा. निवृत्तीचं होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं आणि दिवाळीनंतर राहायला गेली.

पौषातल्या एका सकाळी तिचा फोन आला. धुकं असं होतं की मला माझाच हात दिसायला वेळ लागत होता.

"अरे, दारावर कागद चिकटवून गेलेत. वर लिहिलंय ध्वस्तीकरण, म्हणजे पाडणार. खाली लिहिलंय अवैध प्लॉटिंग. सुनावणीची तारीख आहे. आणि भिंतीवर लाल रंगानं फुली मारलीय." मग जरा थांबून म्हणाली, "काहीतरी चूक झाली असेल त्यांची. तुझ्या साहेबांना फोन कर ना."

माझे साहेब! मी फोन ठेवला आणि पलंगावर बसलो. माझी बायको म्हणते मी पांढरा पडलो होतो. पांढरा कसला, आरपार दिसत असणार.

त्या दिवशी मी कचेरीच्या सगळ्या पायऱ्या चढलो. वर एक बाबू होता, गालात पान, गळ्यात मफलर. त्यानं नोटीस वाचली आणि मला बसायला सांगितलं. मला जास्त भीती त्या बसायला सांगण्याचीच वाटली.

"देखिए पंडितजी," तो म्हणाला, "आपस में सौ बार बाँटिए, कागज पर बाँटिए, मन में बाँटिए. पर जमीन पर दीवार उठाकर तीन टुकड़े कर दिए, बीच में रास्ता डाल दिया, तो हो गई प्लॉटिंग. उसका पहले नक्शा पास होता है. रास्ता कितना छोड़ा?"

"सात."

"मीटर?"

"फूट."

त्यानं पान थुंकून घेतलं, कारण हसताना ठसका लागला असता. "नौ मीटर चाहिए, गुरु. कल को आग लगी तो दमकल कहाँ से जाएगी? आपकी बहन के घर तक उड़कर?"

मी हिशेब केला. नऊ मीटर म्हणजे जवळजवळ तीस फूट. आमची जमीनच चाळीस. नऊ मीटरात आमच्या मोहल्ल्यातल्या चार गल्ल्या शेजारी शेजारी झोपवल्या तरी कुशीवर वळायला जागा राहील. आग लागली तर बंब कुठून येणार, हा विचार आम्हा तिघांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. आम्ही फक्त तिरडी बाहेर काढून पाहिली होती.

"आणि ती खोली? ती राहते तिथं."

"खोलीही त्याच नोटिशीत आहे," असं तो हिंदीत शांतपणे म्हणाला. "सुनवाई में आइए, सच बताइए. एक बात कहूँ? प्लॉटिंग वाले दलाल रोज आकर कहानी सुनाते हैं. साहब को कहानी से चिढ़ है."

एवढं ऐकून मी जिना उतरलो तो कठडा धरून. गोष्टी रचून सांगण्यावर मी आयुष्य काढलं होतं, आणि त्याच तिथं चालणार नव्हत्या.

आक्काकडे गेलो तेव्हा दादा आधीच आलेला. ती चबुतऱ्यावर मटार सोलत होती. मागच्या भिंतीवर ती फुली, माणसाएवढी. मी नियम सांगितला, नऊ मीटर सांगितले. दादा उसळला. "मग त्या साहेबानं तुला सांगितलं कसं की बांधा म्हणून? चल, त्यालाच धरू!"

मी म्हणालो, "मी विचारलंच नव्हतं."

आक्काचे हात थांबले नाहीत. शेंग मोडायची, दाणे पडायचे.

"कचेरीत गेला होतास ना?"

"पायरीपर्यंत."

"कुठल्या पायरीपर्यंत?"

"पहिल्या."

"मग ते साहेब खुर्चीवरून उठले ते?"

"आक्का, मी आत गेलोच नाही. खुर्ची कुठल्या रंगाची आहे तेही मला माहीत नाही."

तिनं परात बाजूला ठेवली. "मी त्या खुर्चीवर घर बांधलं रे," एवढंच म्हणाली. दादानं मला भरपूर शिव्या दिल्या, मराठीतल्या संपल्यावर बनारसी सुरू केल्या, आणि प्रत्येक शिवीनं मला थोडं बरं वाटत होतं. आक्कानं एकही दिली नाही, त्याचंच भय वाटत होतं.

सुनावणीच्या दिवशी रिक्षातून उतरताना ती म्हणाली, "बोलायचं तू. आणि एक शब्द वाढवून नाही."

साहेब माझ्यापेक्षा तरुण होते. खुर्ची काळी होती, ती फिरायची. ते उठले वगैरे काही नाहीत. त्यांनी विचारलं, जमीन कुणाची? माझ्या जिभेवर अहिल्याबाई येऊन उभ्या राहिल्या. शपथेवर सांगतो, ही जमीन आमच्या पणजोबांना त्यांनी स्वतः दान दिली असं वाक्य पूर्ण तयार होतं, नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं. शेजारी आक्का बसली होती, हात मांडीवर, नजर माझ्यावर. मी अहिल्याबाईंना मनातल्या मनात नमस्कार करून परत पाठवलं.

"वडिलांनी विकत घेतलेली," मी म्हणालो.

विकणार आहात का? नाही. मग तोडली का? भावंडांत वाद होऊ नये म्हणून. रस्ता सातच फूट का? मी शिडीचं सांगितलं. सांडाचंही सांगितलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मला वाटलं संपलं, यांना ही गोष्टच वाटली. ते दादाकडे पाहून म्हणाले, "ये सच है?" दादा म्हणाला, "जी. बहन सांड बनी थी." आक्कानं मान डोलावली.

"इजाजत के बारे में पूछा था किसी ने?"

मी म्हणालो, "नहीं. मैंने घर में झूठ कहा था कि पूछ लिया. इन्होंने मेरे भरोसे बनाया."

साहेबांनी लेखणी पुन्हा उचलली. मग त्यांनी सांगितलं. मधल्या सगळ्या भिंती पाडा, गल्ली मोडा. एकच जमीन, एकच फाटक, तिघांच्या सह्यांचा एकच नक्शा. तसं झालं तर खोलीचा दंड भरून ती नियमित करण्याचा विचार होईल. आठ दिवसांनी माणूस पाहायला येईल. वाट्याची एक वीट जरी उभी दिसली, तर खोली धरून सगळं जाईल.

आठ दिवस दादा आणि मी घण घेऊन तिथं. सोनाराला लाजवणारे ते वाटे दादा स्वतःच्या हातानं फोडत होता, आणि मधेच थांबून म्हणायचा, "माझा कुठं संपायचा रे?" मी म्हणायचो, "विसर." माझे तळहात असे फुटले की आठवडाभर यजमानांना आशीर्वाद मुठीनं दिले. आठव्या दिवशी आम्ही पायातल्या विटाही उपटल्या आणि चुन्याची रेघ फावड्यानं खरवडून काढली. तरी मला ती दिसतच होती.

नवव्या दिवशी सकाळी जेसीबी आला.

तो आमच्या शेजारच्या शेताकडे वळला, तिथं कुणा दलालानं असेच चौकोन आखले होते. एकेक भिंत अशी आडवी झाली जशी कुणी पानं उलटावीत. जमीन हादरत होती, आणि ते हादरे तळपायांतून दातांपर्यंत येत होते. मग तो मागं सरकला आणि आमच्या फाटकासमोर येऊन उभा राहिला, घुरघुरत. त्यातून एक इंजिनिअर उतरला, हातात टेप आणि फाईल. आक्का खोलीत गेली आणि तिनं आतून कडी घातली.

"आक्का, बाहेर ये," दादा दारावर थापा मारत होता.

इंजिनिअर जमिनीवरून पुढून मागं चालत गेला. जिथं गल्ली होती तिथं थांबला, बुटानं माती उकरली. मला वाटलं खाली चुना लागणार. त्यानं विचारलं, "किसका हिस्सा कहाँ तक है?"

माझ्याकडे शब्द नव्हते. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. दादाच म्हणाला, "कहीं तक नहीं. सबका एक ही है."

त्यानं काहीतरी लिहिलं. खोलीची लांबी-रुंदी मोजली, फुलीचा फोटो काढला. "नक्शा जल्दी दीजिए," म्हणाला, आणि ड्रायव्हरला हातानं पुढं जा अशी खूण केली. यंत्र घरघरत वळलं.

मी दाराशी जाऊन म्हणालो, "आक्का, गेला."

कडी जागची हलली नाही.

"अगं खरंच गेला. खोलीला हातही नाही लावला."

कडी निघाली. आक्का माझ्याकडे न बघता बाहेर आली, चबुतऱ्यावरून एकेक पाय टेकत उतरली आणि फाटकापर्यंत लंगडत गेली. तिथं गजाला धरून उभी राहिली आणि ते पिवळं धूड धुक्यात दिसेनासं होईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. मग दादाला विचारलं, "गेला ना रे?"