ताजं पाणी भरून घे

गेल्या महिन्यातला एक मंगळवार. सदाशिव पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवरून मी एका बेटावर चक्रीवादळाची तयारी करून घेत होते. आपली संध्याकाळ, त्यांची सकाळ.

ते बेट पार अमेरिकेच्या खालच्या समुद्रात. तिथे माझी लेक ऋचा राहते, दोन वर्षांची नात ओवी आणि जावई सौरभराव. जावई तिथल्या हॉस्पिटलमधली मशिन्स सांभाळतात, त्यामुळे वादळ येणार म्हटल्यावर त्यांचा मुक्काम तिकडेच. म्हणजे घरात या दोघीच...

तिकडे त्या वादळाला हरिकेन म्हणतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण पाणी भरून ठेवणं म्हणाल, तर ते पुण्याच्या बाईला कोणी शिकवायला येऊ नये. खडकवासल्यातलं पाणी कमी झालं की गुरुवारी नळ बंद, म्हणून बुधवारी पातेली, कळशा, बादल्या, प्रसंगी कुकरसुद्धा भरून ठेवण्यात माझी हयात गेलीय.

ऋचाने खरं तर सगळं नीट केलं होतं. खिडक्यांना फळ्या ठोकून झाल्या होत्या, पासपोर्ट आणि ओवीच्या लसींचे कागद प्लॅस्टिकमध्ये, मी दिलेलं मेतकूट आणि भाजणी वरच्या कपाटात. रविवारीच तिने दोन मोठे ड्रम आणि सात बादल्या भरल्या होत्या. दुकानात पाण्याच्या बाटल्या मात्र चारच मिळाल्या, कारण बाकीचं बेट तिच्याआधी जागं झालं होतं.

पण वादळ रेंगाळलं. सोमवारी येणार होतं ते आलंच नाही, आता मंगळवारी रात्री येईल असं सांगू लागले.

मोबाईलमधून मी त्या बादल्या पाहिल्या आणि विचारलं, हे पाणी कधीचं? परवाचं, म्हणाली. झालं... दोन दिवसांचं शिळं पाणी, आणि ते माझी नात पिणार? आमच्या घरात कालचं पाणी झाडांना जातं आणि आज ताजं भरतात. ही शिस्त मला सासूबाईंनी लावली आणि मी ऋचाला.

"नळ चालू आहे ना? मग ते ओतून टाक आणि ताजं पाणी भरून घे," मी म्हणाले.

"राहू दे ना आई. झाकून ठेवलं होतं गं, काही झालेलं नाही त्याला."

मग मी बोलले. काय बोलले ते सगळं लिहवत नाही. लहान मूल घरात असताना असला आळस बरा नव्हे, एवढंच लिहिते, म्हणजे बाकीचं तुम्हाला कळेल. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बादल्या ओतायला घेतल्या. मग ड्रमही आडवे केले. मी समोर बसून मेथी निवडत ते बघत होते.

मग तिने नळ सोडला. करंगळीएवढी गढूळ धार आली, थोडी वाहिली आणि थांबली. वादळाआधी तिथले पंप बंद करतात. संध्याकाळी करणार होते, ते त्यांनी सकाळीच केले.

तिने ओवीला उचललं, शेजारी विचारून येते म्हणाली आणि फोन ठेवला. बुधवारी सकाळपासून तिचा फोन लागेनासा झाला.

पुढचे चार दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. टीव्हीवर त्या बेटावरची उडालेली छपरं दाखवत होते. आमचे हे सगळ्या नातेवाइकांना सांगत होते, काळजी नाही, तयारी पक्की आहे, हिने स्वतः करून घेतलीय. मी ते ऐकून आत निघून जायचे. 

त्यातल्या दुसऱ्या दिवशी मी यांना खरं सांगितलं. हे म्हणाले, "तू नसतीस बोललीस तर मी बोललो असतो." खरंच की माझी समजूत काढायला, कोण जाणे.

रविवारी ऋचाचा फोन आला. नुसता आवाज, तोही तुटक. दोघी बऱ्या आहोत म्हणाली, स्वयंपाकघरावरचं छप्पर गेलं म्हणाली. मी दुसरं काहीही न विचारता आधी पाण्याचं विचारलं.

"पाणी होतं गं आई. पुरलं."

मी देवापुढे साखर ठेवली. चार दिवसांनी नीट जेवले.

खरं काय ते परवा कळलं, सौरभरावांच्या बोलण्यातून निसटलं म्हणून. शेजाऱ्यांनी एक बादली दिली होती, त्यांच्याच घरात सात माणसं. बाटल्या तिने ओवीसाठी राखून ठेवल्या आणि बादली संपल्यावर स्वतः फुटक्या छपरातून गळणारं पाणी पातेल्यात धरून पीत राहिली. त्यात समुद्राचा खार, पत्र्याचा गंज... जुलाब-उलट्यांनी इतकी गळून गेली, की तिसऱ्या दिवशी सौरभराव घरी पोचले तेव्हा तिला उठताही येत नव्हतं आणि ओवी शेजारी बसून रडत होती. मला फोन केला तो हॉस्पिटलमधून, हाताला सलाईन लावलेलं असताना.

आणि मला म्हणाली, पुरलं.

आता ती बरी आहे. घरी आलीय, छप्पर अजून व्हायचंय. रोज फोन होतो, ओवी दिसते, आज भाजी कुठली केली हेही बोलून होतं. पण मला सगळं कळलंय हे मी तिला सांगितलेलं नाही. तीनदा तोंडापर्यंत आलं आणि मी भलतंच काहीतरी बोलले. आईने लेकीची माफी मागायची पद्धत आमच्याकडे नाही. माझ्या आईने कधी मागितली नाही, मीही नाही...

ऋचा माझ्या सगळ्या पोस्ट वाचते. म्हणून इथे, चारचौघांत लिहितेय, म्हणजे मला मागे घेता येणार नाही.

ऋचा, तुझं बरोबर होतं. चुकलं माझं.