वंशवृक्षातली दिवंगत आत्या

मंडळी, अमेरिकेतल्या आपल्या श्रीधरने इंटरनेटवरचा कुणीतरी बनवलेला आपल्या घराण्याचा वंशवृक्ष जसाच्या तसा उचलून ग्रुपवर टाकलाय. त्यात पावसच्या आत्याला ‘दिवंगत’ लिहिलंय. हा तिचा सख्खा भाचा, पण पितृपक्षात तिच्या नावाने यथासांग तर्पणही करून मोकळा झाला!

मी लांबचा भाचा. खात्री करायला आज पावसला गेलो, तर दार आत्यानेच उघडलं.

सगळं ऐकून म्हणाली, "चहा घेशील ना रे मेलेल्या बाईच्या हातचा?"

म्हटलं, "आत्या, आजच दुरुस्त करायला सांगतो."

"कशाला? जिवंत होते तेव्हा कोण आलं? मेले म्हणून तू तरी आलास."



आपल्या वृक्षातल्या किती दिवंगतांची दारं तुम्ही ठोठावून पाहिलीत?