मेणानं चिकटवलेली कळी

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच 'सांभाळून जा गं' म्हणते. अमावास्येला प्रवास केलाय, पाल चुकचुकली की 'कृष्ण कृष्ण' म्हणणाऱ्या मैत्रिणींची भर टीचर्स रूममध्ये टर उडवली आहे. या सदरातले अनुभवही मी चहा पिता पिता वाचते आणि बरेचदा हसते. पांढऱ्या साडीतली बाई, रडणारी कुत्री, पिंपळ... अरे, पिंपळानं काय घोडं मारलंय तुमचं? तेव्हा माझ्या अनुभवात भूत नाही, हे ऐकून ज्यांना निराश व्हायचं त्यांनी खुशाल व्हावं.

गोष्ट कोयनेच्या भूकंपाआधी दोन-तीन वर्षांची. मी वाईला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. माझी थोरली बहीण, सुमनताई, कोरेगावजवळच्या एका खेड्यात दिलेली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे अजून आमची माणसं नांदतायत. ताईचं लग्न होऊन वर्षं उलटली, पण मूल नव्हतं. नवस झाले, औषधं झाली. शेवटी तिनं तो विषयच बंद करून टाकला. दाजी स्वभावानं देवमाणूस. दुसरी बायको करा म्हणणाऱ्या चुलत्याला त्यांनी भर पंगतीत "गप जेव" म्हणून बसवलं होतं.

त्या साली मार्चपासून ताईच्या पोटात गोळा आल्यासारखं व्हायला लागलं. मधूनमधून रक्त जायचं, चेहरा पांढराफटक पडला. मिरजेला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, गाठ आहे, पिशवी काढावी लागेल, उशीर करू नका. त्यांना मी आजही दोष देत नाही. ताईचं वय अडतीस, रक्त जातंय, आणि सोनोग्राफी वगैरे तेव्हा कुणी ऐकलीही नव्हती.

दाजी म्हणाले, "आईचा कौल घिऊ. आई व्हय म्हणली तर उद्याच्या उद्या जाऊ."

आई म्हणजे गावची जानाई. त्या घरात बैल घ्यायचा तरी जानाईला विचारायचे! कौल म्हणजे असं — देवीच्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर, दोन खांद्यांच्या खाली, पाण्यात भिजवलेली एकेक कळी चिकटवायची आणि प्रश्न विचारून हात जोडून बसायचं. देवीच्या उजव्या अंगाची कळी आधी पडली तर होकार. डाव्या अंगाची पडली तर नकार. बस्स. एका बाईचा जीव मोगऱ्याच्या कळीवर टांगायचा! माझं डोकं असं फिरलं म्हणता... मी दाजींना नको नको ते बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "शालूताई, तुमचं समदं बराबर हाय. पर इचारल्याबिगर माझा हात उचलायचा न्हाई."

मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून मी तिथेच होते. कौलाच्या दिवशी सकाळी तणतणत देवळात गेले. गुरव दम्यानं अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे पूजाअर्चा त्याची बायको काशीबाईच करायची. काटक बाई, ताईच्याच वयाची. ओसरीवर बसून कळ्या निवडत होती. मी तिच्यावरच घसरले. म्हटलं, "काशीबाई, डावी कळी पडली आणि माझी बहीण गेली, तर जबाबदार कोण? तुम्ही की तुमची जानाई?"

ती रागावली नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, डावी पडायची न्हाई."

"तुम्हाला काय स्वप्न पडलं?"

तिनं कुंकवाच्या करंड्यातली मेणाची डबी काढून दाखवली. कोरडं कुंकू लावायच्या आधी बायका कपाळाला मेण लावायच्या ना, तेच. "डाव्या कळीच्या बुडाला ह्यातलं लावते. उजवी नुसती पाण्यावर. वाळली की उजवीच गळणार. कुनाला सांगू नगासा. माझं घर ह्याच्यावर चालतंय."

खरं सांगते, मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. आम्ही दोघींनी मिळून कळ्या निवडल्या. बोटानं मेण मऊ करून डावी कळी तिनं माझ्यासमोर मूर्तीला दाबून बसवली. ओढून पाहिली, हलेना. उजवी पाण्याच्या थेंबावर कशीबशी टेकली होती. मग ती समोरच्या दाजींच्या घराकडे तोंड करून ओरडली, "आवं, या बरं का समदी!"

ताई, दाजी, दाजींची म्हातारी चुलती आणि मी असे गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसलो. बाहेर रणरणतं ऊन आणि आत पाठ थंड पडावी असा गारवा. ताई माझ्या खांद्याला टेकून होती. दाजींनी मोठ्यानं विचारलं, "आई, सुमनचं आपरेशन करावं का? करावं तर उजवी दे, नगं तर डावी दे." एवढा बाप्या माणूस, पण रडत होता.

ताई माझ्या कानात पुटपुटली, "शाले, पिशवी काढली की संपलंच गं सगळं. इतकी वर्षं मी तुला म्हणायचे, मला आता काही वाटत नाही. खोटं होतं ते."

मी तिचा हात दाबला. डोळे उजव्या कळीवर. ती कडेनं पिवळी पडायला लागली होती. 'पड गं बाई, पड एकदाची,' असं मी मनात म्हणत होते — मी, विज्ञान शिकवणारी!

आणि डावी पडली.

वारा नाही, कुणी हललं नाही, घंटा वाजली नाही. मेणावर घट्ट बसलेली कळी सुटली आणि देवीच्या पायाशी येऊन पडली. उजवी तिथल्या तिथे.

दाजींनी जमिनीला डोकं टेकलं. "न्हाई म्हणली आई. ऱ्हाऊ दे."

मी ओरडले, "पुन्हा लावा! काशीबाई, पुन्हा लावा!" काशीबाईकडे पाहिलं तर तिच्या तोंडचं पाणी पळालेलं. म्हणाली, "एकदा इचारलेलं परत इचारत न्हाईत, बाई." मी तोंड उघडलं होतं, पण मेणाचं कसं बोलणार? त्या बाईच्या पोटावर पाय आला असता.

सगळे गेल्यावर मी आणि काशीबाई आत गेलो. मेण दगडावर होतं तसंच होतं, आणि त्यात कळीच्या बुडाचा वाटोळा ठसा. कळीला मात्र मेणाचा कण नाही. उजवी कळी संध्याकाळी मीच उचकटून काढली, नुसती पाण्यावर बसलेली. तुमच्या मनात आलंय ते माझ्याही आलं होतं — ओल्या कळीला मेण धरत नसेल. म्हणून घरी पाट्याच्या दगडावर करून पाहिलं. ओली कळी, कोरडी कळी, सावलीत, उन्हात. मेणावरची एकही सुटली नाही. वाळून चुरा झाल्या, पण चुराही मेणालाच चिकटलेला.

पण तेव्हा मला मेणाचं नाही, ताईचं पडलं होतं. दाजींशी अबोला धरला. माझं जेवणाचं ताटही त्यांच्या बाजूला वाढू दिलं नाही. शेवटी त्यांनीच विषय काढला, "सांगलीला तुमच्या मामाकडं न्या तिला. दुसऱ्या डाक्टरला दाखवा. पर सुरी न्हाई."

जूनच्या सुरुवातीला कोरेगाव स्टेशनवरून आम्ही मिरजेची पॅसेंजर धरली. तिथून पुढे सांगलीला जायचं होतं. मसूर मागे पडलं आणि ताईनं एकदम माझं मनगट धरलं. मला वाटलं, संपलं, आता गाडीतच काहीतरी होणार.

"दुखतंय?"

"नाही गं..." ती डोळे मोठे करून पोटाकडे बघत होती. "आत कुणीतरी टिचकी मारली."

मी म्हटलं गॅस असेल. हो, तसंच म्हटलं! आणि खिडकीकडे तोंड करून रडले, कारण मला वाटलं हिला आता भास व्हायला लागलेत.

सांगलीच्या लेडी डॉक्टर वयस्कर होत्या, फटकळ. ताईच्या पोटाला लाकडी नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका ना? या, ऐका." मी कान लावला. घड्याळ कपड्यात गुंडाळून ठेवावं तसं काहीतरी भराभर चाललं होतं.

"तुमची गाठ जिवंत आहे हो," डॉक्टर म्हणाल्या. आणि मग आवाज उतरवून, "ऑपरेशनची घाई झाली नाही, बरं झालं."

ताई हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

मुलगी झाली. बारशाला सगळा गाव लोटला. दाजींनी माझ्यापुढे हात जोडले, मी ते हात तसेच धरून ठेवले आणि दोघांनी अबोल्याची भरपाई केली. काशीबाई मात्र आत आली नाही, दाराशीच उभी. मी बाळ घेऊन बाहेर गेले. तिनं पदराला हात पुसले आणि पोरीला जवळ घेतलं.

मी विचारलं, "काशीबाई, तेव्हा तुम्ही मेण का लावलंत हो? तुम्हाला काय पडलं होतं आमच्या ताईचं?"

ती पोरीकडेच बघत होती. "माझा धाकला भाऊ हितंच व्हता आमच्यात. पोटात कळ आली. साताऱ्याला दवाखान्यात न्याचा का म्हून धन्यानं कौल लावला. डावी पडली. न्हाई नेला." पोरीला दुसऱ्या हातावर घेत म्हणाली, "दोन दिस अंगणात लोळत व्हता, बाई. मग गेला."

मी पोरीच्या पायावरचं दुपटं सारखं केलं.

"तवापासून म्या ठरवलं व्हतं, दवाखान्याचं कुनी इचारलं की डावीला मेण. लय जनांना धाडलं मी, कवा सुटली न्हाई. तुमच्याच येळंला सुटली." तिनं पोरीच्या गालाला बोट लावलं. "हिच्या येळंला आई खरं बोलली. मग माझ्या भावाच्या येळंला खोटं का बोलली? तुमी शिकलेल्या. सांगा की."

कळी कशी सुटली ते मला तेव्हा कळलं नाही, आज ऐंशी ओलांडल्यावरही कळत नाही. ते एखाद्या वाचकानं पटवून दिलं तर मी आनंदानं मान्य करीन. काशीबाईच्या प्रश्नाचं तसं नाही. मी एवढंच म्हणाले, "आत या, घुगऱ्या घ्या."

"नगं," ती म्हणाली. पोरगी माझ्या हातात दिली आणि जानाईपुढे दिवा लावायला निघून गेली.