पाठीखालची पाटी

शांताराम मेस्त्रींची आणि माझी ओळख पायांपासून झाली. मिरकरवाड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका टेम्पोखालून दोन पाय बाहेर आलेले, एकात निळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. मी विचारलं, "मेस्त्री आहेत का?" खालून उत्तर आलं, "हायत. बोला." मी वाकून तोंड बघायला लागलो, तर म्हणतात, "तोंडात काय हाय बघण्यासारखां? गाडी घ्या आत."

मेस्त्री बॉनेट आधी कधीच उघडत नसत. आधी गाडीखाली. "गाडी खालून बघायची, भाऊ. वरून काय, सगळ्याच गाड्या लग्नाला निघालेल्या."

माझी गाडी वरूनही लग्नाला निघालेली दिसत नव्हती. कातळावरच्या बागेतून आंब्याच्या पेट्या खाली आणायला मी एक जुना पिकअप घेतला होता, चारही चाकांना जोर असलेला. एका सकाळी उतारावर ब्रेक दाबला तर लागेचना, आणि मी गाडीसकट शेजाऱ्याच्या गवताच्या उडवीत शिरलो. शेजारी तेव्हा जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. मीही कमी बोललो नाही. मी तापट माणूस, आणि चूक माझी असली की जरा जास्तच तापतो.

मेस्त्री खाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, "पुढच्या एक्सलची ऑइल सीलं गेलीत. दोन्ही चाकांकडनं तेल गळतंय नि ब्रेकवर उतरतंय." सील म्हणजे तेल आत अडवून धरणारी रबराची कडी. त्यांनी दोन्ही नवी बसवली. आठ दिवसांत पुन्हा गळती. मग त्यांनी शाफ्ट घासून गुळगुळीत केला, सीलं पुन्हा बदलली. पुन्हा गळती! समोरच्या चहाच्या टपरीवर लोक दात काढायला लागले. एक जण म्हणाला, "मेस्त्री, खाली बादली बांधा की!"

मेस्त्री ताडकन बाहेर आले. तिसऱ्यांदा सीलं बसवून त्यांनी सगळ्या टपरीसमोर हात वर केला. "आता जर गळली ना, तर गॅरेजची पाटी उतरवीन!" पत्र्याची ती पाटी त्यांनी तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं रंगवलेली. 'शांताराम मोटार गॅरेज.' त्यांना दुसरी इस्टेट नव्हती.

पाचव्या दिवशी गाडी गळली.

सगळ्या जगावर ओरडणारा मी, पण माझी वाचाच बसली. या माणसाला सांगायचं कोणत्या तोंडानं? पहिल्या गिअरात, जीव मुठीत धरून मी पेट्या घेऊन शहरात यायचो, गॅरेजच्या वळणाआधी थांबायचो आणि जुन्या बनियननं पुढची दोन्ही चाकं पुसायचो. तीन दिवस हे नाटक चाललं. चौथ्या दिवशी मेस्त्री वळणावरच उभे.

"भाऊ, गाडी पुढचेच दोन पाय धुते काय?"

"नाही हो, जरा चिखल लागला."

"एप्रिलात?"

मी बनियन पाठीमागे लपवला. मेस्त्री गॅरेजात गेले, शिडी लावली, पाटीचे खिळे उपसले. टपरीवरचं हसणं एकदम थांबलं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "उतरवली? बरां झालां. आता जेवून घ्या."

पण मेस्त्री जेवले नाहीत. तीच पाटी जमिनीवर टाकून, तिच्यावर पाठ टेकून ते माझ्या गाडीखाली सरकले. कितीतरी वेळ नुसते पाय दिसत होते. मग ते पाय हलायला लागले. मला वाटलं, माणूस रडतोय. तर हसत होते!

एक्सलच्या माथ्यावर करंगळीच्या नखाएवढं एक भोक असतं, आतली तापलेली हवा बाहेर पडायला. त्याला ब्रीदर म्हणतात. त्याचं टोपण कधीच पडून गेलेलं. गाडी मोसम सोडला तर बागेतल्या शेडमध्ये उभी, तेव्हा कुंभारमाशीनं त्या भोकात मातीचं घर बांधलं होतं. हवेला वाट नाही म्हटल्यावर ती तेलाला सीलांतून बाहेर ढकलत होती.

"सील बिचारां काय करील?" मेस्त्री म्हणाले. "आत कोंडलां की गळणारच." माशीवरही राग नाही. "तिला भोक दिसलां, तिनं घर केलां. मी तीन वेळा खाली गेलो, नि मलाच दिसलां नाय."

भोक मोकळं केलं, टोपण बसवलं, गळती बंद. टपरीवाल्यांनी गळ घातली, पाटी परत लावा. मेस्त्री म्हणाले, "मी बोललो, गळली तर. कशानं गळली तर, असां नव्हतो बोललो." झालं! त्यानंतर पाटी कायमची त्यांच्या पाठीखाली गेली. आणि मी कुणावर उखडलो की ते गाडीखालून विचारायचे, "भाऊ, ब्रीदर साफ केलात काय?" घरी बायकोनंही ते उचललं. तिच्या तोंडून मला ते अजिबात आवडत नाही, पण उपयोग होतो.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मेस्त्री गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेलो. वहिनींनी आतून पाटी आणली. पाठीनं घासून घासून 'शांताराम' पुसट झालं होतं, 'गॅरेज' तेवढं शाबूत.

"तुमची गाडी गळते?" त्यांनी विचारलं.

"नाही वहिनी. चार वर्षं झाली, एक थेंब नाही."

"मग चढा वर."

मी शिडीवर चढलो. वहिनी खाली उभ्या राहून बघत होत्या. "उजवीकडं जरा वर घ्या. खालनं बघितल्याशिवाय कळत नाय." त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि मला शिडीवरच रडू कोसळलं.

"रडा, रडा," वहिनी डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "पण आधी खिळा ठोका."