टाकीमागचा राक्षस जेवायला येतो

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, एक राक्षस राहायचा. मेंटेनन्स त्याने कधी भरला नाही, पण माझ्या मुलाला लहानपणी दुधीची भाजी त्यानेच खाऊ घातली. ("घास गिळ, नाहीतर तो खाली येईल!" एवढं म्हटलं की ताट साफ.)

आता माझी नात ईरा चार वर्षांची आहे आणि टाकीमागचा राक्षस तिलाही ऐकून माहीत आहे. त्या दिवशी सून मृणाल पार्लरला निघाली आणि दारातूनच म्हणाली, "बाबा, ईराला दुधी भरवा. पण घाबरवायचं नाही हं! हे नवीन पुस्तक वाचून दाखवा. जुनीच गोष्ट आहे, आजच्या काळातली करून. जमेल ना?"

जमेल ना! मला ते चांगलंच लागलं. ताट रिकामं करून दाखवायचंच, असं ठरवून मी पुस्तक उघडलं. राक्षस होता, हायसं वाटलं! पण तो कुणाला खातच नव्हता. मनाने हळवा, एकटा पडलेला, वर शाकाहारी! राजपुत्र तलवार टाकून केक करायला शिकत होता. राजकन्येने "मला लग्नच नको" म्हणून राक्षसाला जेवायला बोलावलं आणि गोष्ट संपली! पानं चिकटली असतील म्हणून मी थुंकी लावून सगळी सोडवून पाहिली. लढाई कुठेच नव्हती.

"आजोबा, मग यात वाईट कोण?" ईराने विचारलं.

"बहुतेक... कोणीच नाही गं."

"असं कसं? कोणीतरी असतंच ना!"

मी पार गोंधळलो. इकडे दुधी गार होत होता. शेवटी मागच्या पानावरचं तात्पर्य सापडलं, ते ठणकावून वाचलं, "जो दुसऱ्याला नको ते करायला लावतो, तोच खरा वाईट!"

ईराने दुधीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आजोबा, तू!"

"मी? अगं, मी काय केलं?"

"मला दुधी नकोय, तरी तू खायला लावतोस!"

ती खिडकीशी गेली आणि वर तोंड करून ओरडली, "राक्षसकाका, जेवायला ये!" माझ्या खुर्चीवर त्याच्यासाठी उशी ठेवली. मग दुधीचं ताट माझ्या हातात देऊन मला बाल्कनीत ढकललं आणि आतून कडी लावली.

मृणाल आली, तेव्हा ताट जवळजवळ रिकामं होतं.

"बाबा, बाहेर काय करताय?"

"घास गिळतोय गं," मी काचेमागून म्हणालो. "नाहीतर ती बाहेर येईल!"